न गळणारे केस

कुत्रा निवडायचा असतो हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. साताऱ्याच्या वाड्यात मोत्या होता. एका पावसाळ्यात तो ओट्याखाली येऊन बसला, आजीने त्याच्यापुढे शिळी भाकरी टाकली आणि पाऊस उघडल्यावर त्याला हाकलायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. एवढाच त्याचा गृहप्रवेश. त्याची जात कोणती, तो केवढा होणार, त्याला कोणती दुखणी होतील, असलं काही कुणी विचारलं नाही. त्यानेही आमची चौकशी केली नाही. चैत्राचं ऊन तापायला लागलं की त्याच्या अंगावरचे केस पुंजक्यापुंजक्याने सुटायचे, अंगणात भिरभिरायचे, तुळशीवृंदावनाच्या कडेला अडकून राहायचे. चिमण्या त्यातले काही घरट्यासाठी उचलून न्यायच्या. त्याला कुणी कधी विंचरलं नाही. आपल्या अंगाची झाडलोट तो आपली आपण करायचा.

पुढे आम्ही पुण्यात आलो, वाडे पाडून इमारती उठल्या, आणि कुत्री आपल्या पायांनी दारात न येता टोपलीतून, गाडीच्या मागच्या सीटवरून येऊ लागली. एक काळ पॉमेरियनचा होता. गल्लीत एक तरी पांढराशुभ्र, तिखट आवाजाचा पॉमेरियन गॅलरीच्या गजांतून पोस्टमनवर ओरडत असायचाच. मग लॅब्रेडॉर आले, भल्या मनाचे आणि सदा भुकेले. त्यांच्यामागून डोक्यावर बुचडा बांधलेले शित्झू आले. आता आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी पूडल दिसतात. जर्दाळूच्या रंगाचे, कुरळे, चालताना जमिनीला जेमतेम पाय लावणारे. इतकी वर्षं मी ही सगळी मिरवणूक गॅलरीतून पाहिली. कुत्रं घरात आणणं शक्यच नव्हतं. केसाळ जनावर जवळ आलं की आमच्या ह्यांना शिंका सुरू होतात, डोळे लाल होतात, आणि हवा वाईट असली तर छातीत घरघरही.

निवृत्तीनंतर दुपारी लांबल्या. अशाच एका दुपारी कुणीतरी ते वाक्य माझ्या कानावर घातलं : "पूडल घ्या हो. त्याचे केस गळत नाहीत."

वाक्य छोटं, पण मनात घर करून राहिलं. मग मी विचारत गेले, वाचत गेले, ज्यांच्याकडे पूडल आहे त्यांच्याकडे जाऊन बसत गेले. हळूहळू लक्षात आलं की त्या वाक्यात गुण सांगितला होता, पण त्या गुणाचं पुढे काय होतं ते सांगायचं राहिलं होतं. पूडलची जी जी स्तुती आपण ऐकतो, ती प्रत्येक गोष्ट घरात आली की काम होऊन बसते. हे कळूनही तो हवासा वाटला, तर तो आपला.

केसांचंच बघा. मोत्याच्या केसाला ठरावीक लांबी होती. तिथवर वाढला की केस थांबायचा, सुटायचा, पडायचा. पूडलचा केस मात्र वाढतच राहतो. सुटतो तोही, पण कुरळा असल्यामुळे खाली न पडता शेजारच्या केसांत गुरफटून बसतो. जे सोफ्यावर आणि सतरंजीवर यायचं ते त्याच्याच अंगावर साठत जातं. काढलं नाही तर गुंता होतो, गुंत्याची गाठ होते, गाठींचा नमदा होतो. नमद्याखालची कातडी ओढली जाते, पावसाळ्यात ओलसर राहते, चिघळते. थोडक्यात, केर नाहीसा होत नाही, त्याची फक्त जागा बदलते.

हे मला नुसत्या वाचनाने कळलं नसतं. समोरच्या विंगेतल्या देशपांडे वहिनींकडे चिकू आहे, टॉय पूडल. मी त्याचं फार कौतुक करायला लागले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "नुसतं लांबून काय बघता? एकदा विंचरायलाच या."

गेले. चिकूला टेबलावर रबरी मॅट घालून उभा केला होता. मी ब्रश फिरवला. तो छान फिरला, केस फुलले, चिकू गोल गरगरीत दिसायला लागला. मला वाटलं, झालं की! वहिनींनी काही न बोलता माझ्या हातात स्टीलचा बारीक दातांचा कंगवा दिला. तो कानामागे जेमतेम अर्ध्या पेरावर जाऊन अडकला. "ब्रश वरनं जातो," त्या म्हणाल्या, "कंगवा कातडीपर्यंत गेला तर विंचरलं म्हणायचं." मग त्यांनी करून दाखवलं. डाव्या तळव्याने केस वर दाबून धरायचे आणि खालची एकच ओळ मोकळी सोडायची. मुळाशी कातडीची रेघ दिसली पाहिजे. आधी केसाचं टोक सोडवायचं, मग मधला भाग, शेवटी मूळ. गाठ आली तर ती मुळापाशी चिमटीत धरायची, म्हणजे ओढ कातडीला न बसता आपल्या बोटांना बसते. मग बोटांनीच ती उकलायची. एक ओळ झाली की तळवा थोडा वर सरकवायचा आणि पुढची ओळ घ्यायची. काखेत, कानामागे, गळपट्ट्याखाली, मांडीच्या आतल्या अंगाला, म्हणजे जिथे अंगाला अंग घासतं तिथे गाठी हटकून सापडतात. आंघोळ घालायची ती हे सगळं झाल्यावर. गुंता तसाच भिजला तर आवळतो, आणि मग कात्रीशिवाय इलाज राहत नाही.

आई मला गुडघ्यांत धरून माझी वेणी घालायची, तेव्हा मी जशी बसत असे तसा चिकू बसला होता, नाराज पण मुकाट. मधूनच त्याने मान वळवून माझ्या मनगटाला नाक लावलं. काम संपलं तेव्हा कंगव्यातून निघालेला केसांचा गोळा माझ्या मुठीत मावत नव्हता. आणि हे, वहिनी म्हणाल्या, एक दिवस चुकला तर. शिवाय कानांच्या आतही केस वाढतात, तिथे हवा खेळत नाही, पावसाळ्यात कान वास मारायला लागतो. तो दर आठवड्याला उघडून बघायचा, हुंगायचा, पुसायचा. आणि महिन्या-सव्वा महिन्याने ग्रूमर, प्रत्येक वेळी दीड-दोन हजार.

हे घरी सांगितलं तेव्हा हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "त्यात काय? सगळे बारीक कापून टाकायचे." आणि त्यात खोटं काहीच नाही. पुण्या-मुंबईतले शहाणे मालक तेच करतात. अंगावर बोटभर केस ठेवले की काम निम्मं होतं. निम्मंच होतं, संपत नाही, कारण केस दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वाढायला लागतात.

केस कापायचे कुठे आणि ठेवायचे कुठे, हा प्रश्न पूडलच्या पाचवीलाच पुजलेला. हा मुळात पाणकुत्रा. जर्मनांच्या मुलखातून आलेला, फ्रान्सने आपलासा केलेला. शिकाऱ्याने टिपलेलं बदक तळ्याच्या गार पाण्यातून तोंडात धरून आणायचं, हे त्याचं काम. पोहताना ओले केस जड होतात म्हणून मागचं अंग भादरायचं, आणि छाती व सांधे गारठू नयेत म्हणून तिथे झुपके राखायचे, अशी त्या चमत्कारिक केशरचनेची कथा सांगतात. आपण ज्याला थेरं म्हणून हसतो तो कधीकाळी कामाचा पोशाख होता. मग तो दरबारात गेला, सर्कशीत गेला. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी कुत्र्यांचे न्हावी दुकान मांडून बसत. काम सुटलं, पोशाख राहिला, आणि जगाने त्याला श्रीमंत बाईच्या मांडीवर बसवून टाकलं. सिनेमातल्या नखरेल मावशीच्या कडेवर असतो, तो हाच.

पोशाखाच्या आत कामकरी जीव शाबूत आहे, हे दाखवायला एक अमेरिकन गृहस्थ पार अलास्कापर्यंत गेले. जॉन सूटर त्यांचं नाव. इडिटारॉड ही बर्फावरून घसरगाड्या ओढण्याची शर्यत जवळजवळ 1,600 किलोमीटरची. तिथे सगळे हस्की जुंपतात. सूटरनी 1988 ते 1991 या वर्षांत आपल्या गाडीला स्टँडर्ड पूडल जुंपले. धावण्यात ते कमी पडले नाहीत. नडले ते केसच. पंज्यांना बर्फाचे गोळे चिकटायचे आणि विसाव्याला बसलेल्या कुत्र्याचं अंग जमिनीला गोठून धरायचं. काही कुत्र्यांना वाटेत सोडून द्यावं लागलं, आणि पुढे नियमच झाला की या शर्यतीत फक्त उत्तरेकडच्या थंडीतल्या जातींचे कुत्रे जुंपायचे. मला ही हकिकत विनोदी वाटत नाही. हुरूप होता, ताकद होती, फक्त अंगावरचं सोडून देता येत नव्हतं.

आता ह्यांच्या नाकाकडे वळते, कारण सगळा खटाटोप त्याच्यासाठी. अ‍ॅलर्जी केसांची नसतेच, असं डॉक्टरांनी समजावलं. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मूत्रात जी प्रथिनं असतात, त्यांची ती असते. केस म्हणजे त्यांची वाहतूक करणारी बैलगाडी. केस कमी उडाले तर काहींना बरं वाटतं, पण अमेरिकेत घराघरांतली धूळ तपासून 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अ‍ॅलर्जी न करणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत आणि इतर कुत्र्यांच्या घरांत तसा फरक आढळला नाही.

लॅब्राडूडलची गोष्टही हेच सांगते. ऑस्ट्रेलियातल्या वॉली कॉनरन यांच्याकडे अंधांसाठी वाटाडे कुत्रे पैदा करण्याचं काम होतं. हवाई बेटावरच्या एका दृष्टिहीन बाईंना कुत्रा हवा होता आणि त्यांच्या यजमानांना अ‍ॅलर्जी होती. कॉनरननी 1989 मध्ये लॅब्रेडॉर आणि स्टँडर्ड पूडलची जोडी लावली. झालेल्या पिल्लांचे केस आणि लाळ हवाईला पाठवून पाहिली. एकाच विणीतली ती भावंडं, पण यजमानांना चाललं ते त्यांतलं एकच. पुढे त्या संकराचा बाजारात असा सुळसुळाट झाला की कॉनरननी आपण हे सुरू केल्याचा पश्चात्ताप उघडपणे बोलून दाखवला. माणसांनी त्या गोष्टीतून जातीचं नाव उचललं आणि केस-लाळ पाठवून बघण्याचा शहाणपणा तिथेच ठेवला.

आम्ही तो शहाणपणा उचलला. हे वहिनींकडे चहाला जाऊ लागले. पहिल्यांदा खुर्चीच्या टोकावर, रुमाल हातात धरून. चिकूने बूट हुंगले आणि तो पायाशी बसला. शिंक आली नाही. पुढच्या एका खेपेला त्याने हात चाटला, तेव्हा मनगटावर लाल पट्टा उठला. हात साबणाने धुतल्यावर तो गेला. मग ह्यांनीच नियम काढला : थोपटायचं, पण चाटू द्यायचं नाही, आणि झोपायच्या खोलीचं दार बंद. चिकूला तो नियम कळायला फार वेळ लागला नाही. तो ह्यांच्या अंगावर न जाता हातभर लांब बसायला लागला आणि तेवढ्या अंतरावरून टक लावून बघायला लागला. त्या बघण्यावर काही गोळी निघालेली नाही.

इथे दुसरी स्तुती येते, हुशारीची. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिका-कॅनडातल्या आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून जातींची क्रमवारी लावली आणि 1994 च्या पुस्तकात छापली. बॉर्डर कॉली पहिला, पूडल दुसरा. या वरच्या पंक्तीतल्या कुत्र्यांना नवी आज्ञा पाचाहून कमी वेळा सांगितली तरी पुरते. ऐकायला किती छान! पण पाच वेळांत 'बस' शिकणारा कुत्रा नको ते सगळंही पाच वेळांतच शिकतो. फ्रिजचा खालचा कप्पा उघडल्याचा आवाज, लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबल्याचा आवाज, वहिनी फोनवर रमल्या की त्यांची एक चप्पल गॅलरीत नेऊन टाकली की फोन आपोआप संपतो ही युक्ती. ही सगळी चिकूची स्वयंअध्ययनं. हुशारीला दिवसाकाठी काही काम मिळालं नाही तर तिचाही गुंता होतो. मग ती भुंकते, कुरतडते, दारापाशी उभी राहून रडते. एकटं राहणं पूडलला मुळात फारसं मानवत नाही. सकाळी आठला कुलूप लावून रात्री आठला येणाऱ्या घरात हा कुत्रा नेऊ नये. तिथे केसांचा प्रश्न नंतरचा.

एका पूडलला मात्र याबाबतीत नशीबवान म्हटलं पाहिजे. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर एकटा राहत असे, माणसांविषयी त्याचं मत फारसं बरं नव्हतं, आणि आयुष्य म्हणजे दुःख हे त्याने जाडजूड ग्रंथ लिहून सिद्ध केलं. पण फ्रँकफुर्टमध्ये दुपारचं जेवण आटोपलं की ऊन असो, पाऊस असो, हा माणूस पूडलला घेऊन चांगला दोन तास फिरून यायचा. दारा शुकोहने फारसीत करवलेल्या उपनिषदांचं लॅटिन रूप हा त्याचा जिव्हाळ्याचा ग्रंथ. त्यामुळे त्याने कुत्र्याचं नाव ठेवलं आत्मा. एक गेला की दुसरा पूडल यायचा, आणि त्याचंही नाव आत्माच. देह बदलत गेले, नाव चालू राहिलं. मृत्युपत्रात त्याने शेवटच्या कुत्र्याच्या पोटापाण्याची सोय करून ठेवली होती आणि 1860 मध्ये तो गेला तेव्हा कुत्रा मागे उरला. सगळ्या जगाबद्दल निराश असलेल्या माणसाने रोजचे दोन तास कुणासाठी तरी राखून ठेवले होते. मला त्याच्या तत्त्वज्ञानापेक्षा त्याच्या दुपारी जास्त पटतात.

तिसरी स्तुती आयुष्याची. छोट्या आकाराचे पूडल चौदा-पंधरा वर्षं सहज जगतात. ऐकणारा पस्तिशीचा असेल तर तो खूश होतो. माझ्यासारखीने साठीत हे ऐकलं की ती बोटं मोजायला लागते. आज पिल्लू आणलं, तर ते म्हातारं होईल तेव्हा मी पंचाहत्तरीची असेन. त्याच्या डोळ्यांत पडदा येईल आणि माझ्याही. तेव्हा टेबलाशी उभं राहून ओळीओळीने केस सोडवायला माझी बोटं वळतील का? सकाळी उठताना ती आताच आखडलेली असतात. शोपेनहाउअरने मृत्युपत्र केलं त्यामागचा हिशेब मला तिथे कळला.

आणि पिल्लांचा बाजार बघून तर मन आणखी मागे आलं. फोनवरून बोलणारा विक्रेता 'टीकप' म्हणून तळहातावर मावणारं पिल्लू दाखवतो. असा आकार मुळात कुठल्याच मान्य नियमावलीत नाही. कुत्र्यांच्या जातींच्या जागतिक संघटनेने पूडलचे चार आकार मानले आहेत, 24 सेंटिमीटरपासून 60 सेंटिमीटर उंचीपर्यंत. त्याहून लहान करण्याच्या हौसेची किंमत पिल्लाची हाडं आणि दात मोजतात. गुडघ्याची वाटी सरकणं, दृष्टिपटल झिजत जाऊन आंधळेपण येणं ही लहान पूडलांची ठाऊक दुखणी. मोठ्या स्टँडर्डना पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो, आणि तो काही तासांत जिवावर बेततो. आईबापांचे डोळे आणि गुडघे तपासलेत का, असं विचारल्यावर जो फोन ठेवून देतो, त्याने आपलं काम सोपं केलं म्हणायचं. आपल्याकडे 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद मागितला तेव्हा 'मॅडम, तुम्ही फारच विचारता' असं मला ऐकवण्यात आलं. विचारलंच पाहिजे. मोत्याच्या वेळी विचारायची गरज नव्हती, कारण त्याला कुणी कारखान्यातून काढला नव्हता.

एवढं सगळं झाल्यावर खरं म्हणजे उत्तर 'नको' असंच यायला हवं होतं. मैत्रिणींना मी तसं सांगतही होते. पण मधल्या काळात एक गोष्ट बदलली होती. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी मी आपणहून वहिनींकडे जाऊन चिकूला विंचरायला लागले होते. कुत्र्याशी खेळायला नव्हे, कंगवा फिरवायला. नोकरीत असताना मी कामं उरकत असे. इथे उरकता येत नाही. घाई केली की गाठ आवळते आणि चिकू पाय मागे घेतो. सगळं लक्ष त्या एका ओळीवर लावावं लागतं, आणि त्या वेळात मुलाचा न आलेला फोन, ह्यांचे रिपोर्ट, यातलं काही डोक्यात राहत नाही. उद्या पुन्हा तेवढंच काम असणार हे ठाऊक असतं, आणि त्याचा कंटाळा येत नाही. पूडल आपल्याला झेपेल का, हे मी इतके दिवस पुस्तकांना विचारत होते. माझ्या हातांनी त्याचं उत्तर केव्हाच दिलं होतं.

पिल्लू मात्र नको, हे ठरलं. ग्रूमरकडूनच कळलं की बाणेरचं एक कुटुंब कॅनडाला चाललंय आणि त्यांचा सहा वर्षांचा मिनिएचर पूडल त्यांना सोबत नेता येत नाहीये. काळा, हनुवटीवर पिकायला लागलेला. आम्ही दोघं जाऊन चारदा त्याच्याबरोबर बसून आलो. ह्यांनी दर वेळी नाक, डोळे, छाती यांची नोंद खिशातल्या डायरीत केली, डॉक्टरांना दाखवली, आणि शेजारच्या कोऱ्या पानावर दोन रकाने पाडले. माझ्या रकान्यात लिहिलं : कंगवा, रोज. सकाळचं फिरणं. ग्रूमर. आपल्या रकान्यात : संध्याकाळचं फिरणं. डॉक्टर. दर रविवारी कान. मी म्हटलं, "अहो, कानाला तर सगळ्यात जवळ जावं लागतं. मी करीन ना."

"तू कंगवा सांभाळ," हे म्हणाले, "मास्क लावून मी कान बघीन. सगळं तूच केलंस तर तो तुझाच होईल."